फुटलेला बंपर : सांधावा की टाकावा?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या बंपरवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपल्या वार्षिक अंकात कविता असतात, प्रवासवर्णने असतात, एखादा ललित लेख असतो. गॅरेजमधला विषय सहसा येत नाही. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझी फी ज्या धंद्यातून भरली जाते तो धंदा डेंटिंग-पेंटिंगचा आहे. पुणे-बंगळूर महामार्गालगत माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, लहानसे गॅरेज आहे. तिथली हिशेबाची वही आणि गिऱ्हाइकाला द्यायचे अंदाजपत्रक मी लिहिते. अलीकडे त्या वहीत पत्रा ठोकण्याच्या कामापेक्षा प्लॅस्टिकच्या कामाच्या नोंदी जास्त होऊ लागल्या आहेत, आणि प्रत्येक नोंदीपाशी एकच प्रश्न उभा राहतो. फुटलेला भाग सांधायचा, की काढून नवा बसवायचा? गिऱ्हाईक या प्रश्नाचे उत्तर खिशाकडे पाहून देते. मोठ्या शोरूमांत ते बहुधा आधीच ठरलेले असते. खरे उत्तर मात्र पुष्कळदा त्या फुटलेल्या भागाच्या पाठीवरच छापलेले असते, आणि ते फारसे कोणी वाचत नाही.

प्रथम बंपर म्हणजे काय ते पाहू. ज्यांनी ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी पाहिली असेल त्यांना तिच्या तोंडापुढची क्रोमची चकचकीत पट्टी आठवेल. ती पोलादाची होती. धक्का लागला की वाकायची, आणि वाकलेली पट्टी उतरवून हातोडीने ठोकून पुन्हा सरळ करता यायची. अण्णा ज्यांच्या हाताखाली शिकले त्या वस्तादांची सारी विद्या हातोडी आणि डॉली या दोन वस्तूंत सामावलेली होती. युरोपात प्लॅस्टिकचा बंपर तसा लवकर आला. १९७२ साली फ्रान्समध्ये निघालेल्या रेनॉ ५ या छोट्या गाडीचे बंपर प्लॅस्टिकचे होते. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढे नवनव्या गाड्या येत गेल्या, आणि क्रोमची पट्टी हळूहळू मागे पडली. ॲम्बॅसिडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले.

आजच्या गाडीच्या तोंडाला आपण ज्याला बंपर म्हणतो ते खरे पाहता एक झाकण आहे. त्याच्या आत बहुधा फेसासारख्या हलक्या पदार्थाचा ठोकळा असतो आणि त्याच्याही मागे धातूची एक आडवी तुळई असते. मोठा धक्का सोसण्याचे काम त्या तुळईचे. बाहेरच्या झाकणाने गाडीला रूप द्यायचे, वाऱ्याला वाट द्यायची आणि किरकोळ घासणे-घुसणे अंगावर घ्यायचे. हे एकदा ध्यानात आले की दुरुस्तीचा पहिला नियम निराळा सांगावा लागत नाही. झाकण उतरवून आतली तुळई पाहिल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही. प्लॅस्टिक लवचिक असते. धक्का बसताना ते आत जाते आणि नंतर उसळून आपल्या जागी येते. आतली तुळई मात्र मुडपलेलीच राहते. बाहेर दिसते ती केसाएवढी चीर. अशा वेळी नुसती चीर बुजवून दिलेली गाडी म्हणजे वरून पावडर लावलेले गळू.

आता प्लॅस्टिककडे वळू. 'प्लॅस्टिक' हा शब्द आपण 'लाकूड' या शब्दासारखा सैल वापरतो. सागवानही लाकूडच आणि पांगाराही लाकूडच, पण सुतार दोन्हींना सारखे वागवत नाही. प्लॅस्टिकमधला पहिला मोठा भेद समजायला स्वयंपाकघरात जावे. गूळ कढईत तापवला की पातळ होतो, गार झाला की घट्ट होतो, पुन्हा तापवला की पुन्हा पातळ होतो. भाकरीचे तसे नाही. ती एकदा तव्यावर भाजली की तिचे परत पीठ होत नाही. आणखी तापवाल तर करपेल. गुळासारखी वागणारी प्लॅस्टिके ती थर्मोप्लॅस्टिक, आणि भाकरीसारखी वागणारी ती थर्मोसेट. पहिल्या जातीला उष्णतेने झाळता येते, दुसरीला येत नाही. गॅरेजात ज्याला नुसते 'फायबर' म्हणतात ते, म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये घट्ट बसवून केलेले भाग, या दुसऱ्या जातीचे. ते फुटले तर काचधाग्यांची चटई आणि नवे रेझिन लावून त्यांना ठिगळच लावावे लागते. तिथे तापलेली सळई घेऊन बसलेला माणूस वेळ फुकट घालवतो.

सुदैवाने आजच्या मोटारींचे बंपर बहुतांशी गुळाच्या जातीचे असतात. त्यांत मुख्य द्रव्य पॉलिप्रॉपिलिन. इटलीतले रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये हे प्लॅस्टिक नियमबद्ध साखळ्यांच्या रूपात तयार केले, आणि १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांना मिळून देण्यात आले. आपल्या घरातली मोल्डेड खुर्ची आणि पुष्कळसे डबे याच कुळातले. पण नुसते पॉलिप्रॉपिलिन थंडीत ठिसूळ होते, म्हणून बंपरसाठी त्यात ई.पी.डी.एम. नावाचे रबर मिसळतात. आणि ताठपणा यावा म्हणून टाल्क, म्हणजे अंगाला लावायच्या पावडरीत असते तेच खनिज, घालतात. पुढची जाळी, आरशाची कवचे आणि स्कूटरचे कितीतरी भाग ए.बी.एस. या प्लॅस्टिकचे असतात. पुढच्या दिव्यांची पारदर्शक 'काच' आता काच राहिलेली नाही, ती पॉलिकार्बोनेट आहे. इंजिनाजवळच्या गरम जागी काचधागे मिसळलेले नायलॉन वापरतात.

हे सगळे ओळखायचे कसे? भाग उतरवून उलटा करा आणि माती पुसून काढा. आतल्या बाजूला दोन कोनी कंसांच्या मध्ये इंग्रजी अक्षरे उठवलेली दिसतील. प्लॅस्टिकच्या भागांवर अशी खूण करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. 'पी.पी.' म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. पुढे अधिकचे चिन्ह आणि 'ई.पी.डी.एम.' असेल तर रबर मिसळलेले. त्यापुढे 'टी.डी.' आणि २० असा आकडा असेल तर शंभरात वीस भाग टाल्क. 'ए.बी.एस.', 'पी.सी.' ही अक्षरेही अशीच सरळ वाचता येतात, 'पी.ए.' म्हणजे नायलॉन. ही अक्षरे मूळची पुनर्वापरासाठी, म्हणजे भंगारात गेल्यावर कोणते प्लॅस्टिक कोणत्या ढिगात टाकायचे ते कळावे म्हणून छापलेली. पण झाळणाऱ्याला ती डॉक्टरला रक्तगट उपयोगी पडावा तशी पडतात.

खूण झिजली असेल किंवा तो तुकडाच रस्त्यावर राहिला असेल, तर काही जुने उपाय आहेत. रंग खरवडून आतल्या प्लॅस्टिकची बारीक कपची काढावी आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडावी. पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलके, ते तरंगते, ए.बी.एस. आणि पॉलिकार्बोनेट बुडतात. ही परीक्षा बरेच कारागीर करतात, परंतु तिच्यात एक खोच आहे. टाल्क जड असते. शंभरात वीस भाग टाल्क असलेले पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून किंचित जड भरते आणि बुडते. तेव्हा तरंगले तर पॉलिप्रॉपिलिन किंवा त्याचे भावंड पॉलिथिन एवढे सांगता येते, पण बुडाले म्हणून पॉलिप्रॉपिलिन नाहीच असे म्हणता येत नाही. दुसरी परीक्षा ॲसिटोनची. आतल्या बाजूला एक थेंब टाकून थोड्या वेळाने बोट लावावे. ए.बी.एस. असेल तर जागा मऊ आणि चिकट होते. पॉलिप्रॉपिलिनला ॲसिटोन काहीच करीत नाही. तिसरी परीक्षा जाळून वास घेण्याची. ती मी मुद्दाम शिकवत नाही. काही प्लॅस्टिके जळताना विषारी वायू सोडतात, आणि खूण वाचता येत असताना नाकाला कामाला लावण्याचे कारण नाही.

गॅरेजात येणाऱ्या दहातल्या आठ जणांची मागणी एकच असते. "अण्णा, नुसतं चिकटवून द्या की, कशाला एवढा पसारा?" त्यावर अण्णांचे उत्तरही ठरलेले. "देतो की चिकटवून. पण पहिल्या खड्ड्यापर्यंतच माझी जबाबदारी." याचे कारण कळायला अळूचे पान आठवावे. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, मोती होऊन घरंगळते. पॉलिप्रॉपिलिनचा पृष्ठभाग काहीसा तसाच. चिकटवणारा कोणताही पदार्थ धरून राहायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरून त्याला भिजवायला हवा. इथे तो पसरतच नाही. म्हणून दोन ट्यूबांतून येणारे इपॉक्सी पॉलिप्रॉपिलिनवर दगडासारखे घट्ट होते खरे, पण वाळलेल्या खपलीसारखे अलगद उचकटते. रंगाचीही तीच अडचण. कारखान्यात रंग देण्याआधी बंपरवरून ज्योत फिरवतात. तिने पृष्ठभागाचा अगदी पातळ थर बदलतो आणि रंग धरतो. गॅरेजात त्यासाठी एक खास पातळ द्रव मिळतो, त्याला ॲढिजन प्रमोटर म्हणतात. उघड्या पॉलिप्रॉपिलिनवर तो न लावता मारलेला रंग पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखा निघू लागतो.

ए.बी.एस.ची गोष्ट निराळी, आणि इथे गरिबाला सोयीचा एक उपाय आहे. त्याच प्लॅस्टिकच्या कपच्या काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये भिजत घातल्या की त्यांची खळ होते. ती चिरेत आतून भरली की ॲसिटोन उडून जाते आणि मागे उरते ते ए.बी.एस.च, जोड मूळ भागाशी एकजीव होतो. एक दिवस वाळू द्यावे, घाई करू नये, आणि बाटलीजवळ काडी ओढू नये, कारण ॲसिटोनची वाफ भडकन पेटते. फेविक्विक आणि खाण्याचा सोडा ही जोडगोळी तर आता सर्वांना ठाऊक झाली आहे. सोडा पडताच ते क्षणात दगड होते. स्कूटरच्या पॅनेलचा तुटलेला कान, जाळीची एखादी पट्टी अशा ताठ आणि न हलणाऱ्या जागी हा उपाय चालतो. पण बंपर हा सतत थोडाथोडा वाकणारा भाग आहे, आणि वाकणाऱ्या वस्तूत न वाकणारा दगड बसवला की दगडाच्या कडेने नवी चीर जाते.

आता बंपर झाळण्याची रीत सांगते. आमच्याकडे ती अशी चालते.

पहिले काम धुण्याचे. साबणाने धुवायचे, वाळवायचे, मग मेण आणि पॉलिश काढणाऱ्या द्रवाने पुसायचे, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर हातात घ्यायचा. पुष्कळ जण उलटे करतात. आधी घासले तर पॉलिशमधले सिलिकॉन पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसते आणि शेवटी रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खळगे उठतात. तोवर सगळे काम होऊन गेलेले असते.

नुसता पोचा असेल आणि चीर नसेल, तर झाळण्याची गरजच नाही. कडक पाणी ओतायचे किंवा हीट गनने सावकाश तापवायचे आणि आतून दाबायचे. प्लॅस्टिकला आपला मूळ आकार पुष्कळ अंशी आठवत असतो, ऊब मिळाली की ते परत येऊ पाहते. पोच्याच्या घडीवर पांढरट रेषा दिसते ती म्हणजे प्लॅस्टिक तिथे आतून ताणून विरले असल्याची खूण. तापवल्यावर ती फिकट होते, पण ती जागा पुढे नाजूकच समजावी.

चीर असेल तर तिचे टोक शोधायचे. डोळ्याला दिसते त्याच्या थोडे पुढेच खरे टोक असते; भाग हलकेच वाकवून पाहिला की ते कळते. त्या टोकावर ड्रिलने साधारण तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडायचे. फुटलेल्या वस्तूला आणखी भोक पाडायचे हे ऐकून गिऱ्हाईक दचकते. पण फाटत चाललेले कापड आठवा. ते फाटते ते टोकाशीच, कारण सारा ओढा एका धाग्यावर येऊन पडतो. इंग्लंडमधील अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये हे गणिताने मांडले. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिपटीपर्यंत जातो, आणि भोक जितके लांबट व टोकदार होत जाईल तितका टोकाशी तो कितीतरी पटींनी वाढत जातो. चीर म्हणजे अतिशय टोकदार भोकच. तिचे टोक गोल केले की ओढा वाटला जातो आणि चीर पुढे धावत नाही. हे भोक न पाडता झाळलेली कितीतरी कामे आमच्याकडे दुसऱ्यांदा येतात. जोड शाबूत असतो आणि त्याच्या पुढे बोटभर नवी चीर गेलेली असते.

मग पुढच्या बाजूने ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून दोन्ही कडा एका पातळीत आणायच्या. दुरुस्ती सुरू करायची ती मागून. चिरेच्या रेषेवर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची चर कोरायची, खोली जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. बंपरची भिंत साधारण तीन मिलिमीटरची असते, म्हणजे हात जपूनच चालवावा लागतो. चरीत भरायची सळई त्याच जातीच्या प्लॅस्टिकची हवी. बाजारात पॉलिप्रॉपिलिनच्या सळ्या मिळतात, पण अण्णा एक निकामी बंपर जपून ठेवतात आणि खूण जुळली की त्याच्याच पट्ट्या कापून घेतात. मसाला तोच असल्यामुळे जोड नीट मिसळतो.

आता खरे कौशल्य. पॉलिप्रॉपिलिन १६० ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. गरम हवेच्या बंदुकीने झाळायचे तर नळीच्या तोंडाशी हवा सुमारे ३०० अंशांची लागते, कारण वाटेत ती निवते. नवशिक्याचे लक्ष सळईवर असते, जाणत्याचे चरीच्या कडांवर. नुसती सळई वितळली आणि खालचे प्लॅस्टिक गारच राहिले, तर फरशीवर सांडलेल्या मेणासारखा तो थर वर बसून राहतो आणि नखाने निघतो. दोन्हीकडचे प्लॅस्टिक ओले, चमकदार दिसू लागले की मगच सळई दाबत पुढे सरकायचे. धूर आला किंवा रंग तपकिरी झाला तर उष्णता जास्त झाली. करपलेले प्लॅस्टिक कधी धरत नाही, ते कोरून काढून पुन्हा भरावे लागते. जोड पाण्यात बुचकळून निववू नये, आपोआप निवू द्यावा. मग पक्कडीने ओढून पाहावा. उचकटला तर आताच उचकटलेला बरा.

ज्या जागी ओढा जास्त, म्हणजे कोपरे आणि स्क्रूचे कान, तिथे मागच्या बाजूला न गंजणाऱ्या पोलादाची बारीक जाळी तापवून प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवतात आणि वरून पुन्हा प्लॅस्टिकचा थर देतात. स्लॅबमध्ये सळई घालावी तसेच हे. अलीकडे हॉट स्टेपलर नावाचे एक यंत्र आले आहे. नागमोडी तार विजेने तापते, प्लॅस्टिकमध्ये रुतते, आणि वर राहिलेली टोके कापून टाकायची. काम मिनिटांत होते, आणि म्हणून काही ठिकाणी तेवढ्यावरच भागवतात. माझ्या मते तो टाका आहे, जखम भरणे नव्हे. टाक्यांनी कडा धरून ठेवाव्यात आणि मग चर झाळावी. नुसत्या टाक्यांच्या मधून चीर उघडीच राहते.

मागची बाजू झाली की पुढून चर कोरून तेच करायचे, मग घासून सपाट करायचे. उरलेल्या खाचा भरायला प्लॅस्टिकसाठीची लवचिक लांबी मिळते. पत्र्यावर वापरतात ती साधी लांबी बंपरवर भरली तर पहिल्या वाकण्यातच तडकते. एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावी लागते. बंपरचा खालचा काळा, खरबरीत, रंग न दिलेला भाग असतो, त्याच्यावरची दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी दिसतेच. ते खरबरीत पोत साच्यातून आलेले असते, हाताने परत उठवता येत नाही.

रंगकामात मी फार शिरत नाही. पेपरचे नंबर आणि कोटांची संख्या प्रत्येक कारागीर आपापली सांगतो. पण एक गोष्ट मात्र विस्ताराने लिहिली पाहिजे. शेवटचा चकाकीचा थर, क्लिअर कोट, बहुधा दोन डब्यांतून येतो. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची रसायने असतात. स्प्रे मारताना त्यांचा तुषार श्वासातून आत जातो, आणि त्यातून दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्यांची बाधा झाली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही धाप लागते. वासावरून सावध होता येत नाही, कारण वास जाणवण्याआधीच हवेतले प्रमाण घातक झालेले असू शकते. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा इथे काही उपयोग नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने आणून देणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंद खोली, ही यावरची खरी व्यवस्था. अण्णांनी वीस वर्षे रुमाल बांधून स्प्रे मारला. त्यांच्या काळात कोणी काही सांगितले नाही. डब्यावरची सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आता जिना चढताना त्यांना मध्ये थांबावे लागते. डॉक्टरांनी स्प्रे बंद करायला सांगितल्यापासून आमच्याकडचा क्लिअर कोट ज्यांच्याकडे बंद खोली आहे अशा गॅरेजात करून आणतो. आमच्या घराच्या उत्पन्नात सांधण्याच्या कामाचा वाटा वाढला त्यामागे हेही एक कारण आहे. झाळतानाचा धूरही चांगला नसतोच, म्हणून ते काम शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून चालते.

आता मूळ प्रश्न. सांधावा की टाकावा? काही भागांच्या बाबतीत विचार करायचाच नाही, सरळ बदलायचे. एअरबॅगवरचे झाकण सांधू नये. ते ठरावीक जागी, ठरावीक जोराने फाटावे अशीच त्याची रचना असते, आणि जोड देऊन आपण ती रचना मोडतो. पेट्रोलच्या टाकीला हात लावू नये. रेडिएटरच्या नायलॉनच्या टाक्या गरम पाण्याचा दाब सोसतात. वरून लावलेले ठिगळ घाटात सुटते आणि इंजिन घेऊन जाते. नव्या गाड्यांपैकी काहींत बंपरच्या मागे रडार बसवलेले असते, पुढच्या गाडीचे अंतर मोजण्यासाठी किंवा कडेने येणारे वाहन ओळखण्यासाठी. त्याच्या लहरी बंपरमधून आरपार जातात. त्या जागी लांबीचा किंवा रंगाचा थर जाड झाला, अथवा धातूची जाळी बसवली, तर रडारची नजर बिघडते, आणि ते बिघडल्याचे चालवणाऱ्याला लगेच कळेलच असे नाही. अशी गाडी आली की अण्णा कंपनीचे पुस्तक पाहिल्याशिवाय काम घेत नाहीत. हातचे काम गेले तरी चालेल म्हणतात. मोठा तुकडाच गळून गेला असेल, किंवा सगळे कान एकदम तुटले असतील, तरीही नवा भागच स्वस्त पडतो, कारण मजुरीच त्याच्या किमतीपर्यंत जाते.

बाकी चिरा, फाटलेल्या कडा, एखाददुसरा तुटलेला कान हे सारे सांधण्याजोगे. आणि इथे विम्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण 'विमा आहे, नवा घाला' या एका वाक्यावर पुष्कळ बंपर भंगारात जातात. आपल्या देशातील नेहमीच्या मोटार विम्यात प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या बदललेल्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, मग गाडी कितीही नवी असो. समजा नव्या बंपरची किंमत दहा हजार रुपये आहे. पाच हजार मालकाच्या खिशातून गेले. त्यावर सक्तीची वजावट, १५०० सी.सी. पर्यंतच्या गाडीला एक हजार आणि त्यावरील गाडीला दोन हजार. रंगाच्या मालावरही ५० टक्के घसारा. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीचा 'नो क्लेम बोनस' गेला. तो एक वर्ष दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्क्यांपासून सुरू होतो आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढतो. ज्याचा बोनस ५० टक्क्यांवर आहे त्याने दहा हजारांच्या बंपरसाठी तो घालवणे म्हणजे अडक्याची कोंबडी आणि रुपयाचा मसाला. जास्तीचा हप्ता भरून घसारा माफ करून घेण्याची सोयही असते. पण ती घेतलेल्यांनीही बोनसचा हिशेब करावाच, कारण तो वेगळा आहे.

आणखी एक बाब गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. घसारा बदललेल्या भागाच्या किमतीवर असतो, मजुरीवर नव्हे. म्हणजे दावा करायचाच असेल, तरी बंपर सांधून घेतल्यास झाळण्याच्या मजुरीवर तो ५० टक्क्यांचा घसारा लागत नाही. त्यासाठी एवढेच करावे लागते की अपघातानंतर लगेच कंपनीला कळवायचे, फुटलेल्या भागाची आतून-बाहेरून छायाचित्रे काढून ठेवायची, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत बंपरला कोणाचा हात लागू द्यायचा नाही, आणि अंदाजपत्रकात 'बंपर दुरुस्ती' व 'रंगकाम' या दोन ओळी निरनिराळ्या लिहून घ्यायच्या. एकत्र लिहिल्या तर सर्व्हेअर आपल्या सोयीने वाटणी करतो.